कोंटेसाचं दुसरं इंजिन

गेल्या महिन्यात माझा धाकटा मुलगा मोबाईल घेऊन जवळ येऊन बसला. पडद्यावर परदेशातली दोन पोरं एका जुन्या स्पोर्ट गाडीतलं इंजिन काढून तिथं दुसरंच, मोठं इंजिन बसवत होती. घरामागच्या शेडमध्ये, दोघांनीच. वीस मिनिटांच्या आत जुनं बाहेर, नवं आत आणि गाडी धूर सोडत रस्त्यावर.

"अब्बू, आपल्या कोंटेसात असं करता येईल का?"

"केलेलं आहे," मी म्हटलं.

त्याला खरं वाटेना. बोनेट उघडल्यावर जे इंजिन दिसतं ते मूळचं नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात ही गोष्ट फारशी निघत नाही. निघाली की शेवटी माझ्या एका चुकीपाशी येऊन थांबते, म्हणून मीच टाळत आलो. त्या दिवशी मात्र त्याला सगळी सांगितली. इथंही लिहून ठेवतो.

माझे अब्बा कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयुष्यभर त्यांनी लाल बसची इंजिनं उघडली आणि बंद केली. स्वतःची म्हणून सायकल होती, नंतर एक जुनी स्कूटर. पण एका गाडीवर त्यांचा जीव होता, ती म्हणजे कोंटेसा. हिंदुस्तान मोटर्सने ती 1984 साली बाजारात आणली. मूळ गाडी इंग्लंडची, व्हॉक्सहॉल व्हीएक्स. तिच्यावरून ही उत्तरपाड्यात तयार व्हायची. रुंद, लांब, पसरट नाकाची. अँबेसडर आणि फियाटच्या त्या जमान्यात कोंटेसा उभी असली तरी धावतेय असं वाटायचं.

वाटायचं एवढंच. कारण त्या ऐटबाज अंगात इंजिन होतं अँबेसडरचंच, 1489 सीसीचं, जुन्या ब्रिटिश घडणीचं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं. गाडीचं वजन हजार किलोच्या वर. अब्बा हसून म्हणायचे, "पैलवानाचं अंग आहे, पण पोटात भाकरी नाही." पुढं कंपनीलाही ते उमगलं. जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स घालून कोंटेसा क्लासिक आली. ताकद 88 हॉर्सपॉवरच्या आसपास. अंग तेच, चाल वेगळी.

1997 साली अब्बांना पहिल्या खेपेतली, 1985 ची एक कोंटेसा वीस हजारांना मिळाली. तिचं इंजिन जाम झालेलं. मालकाने ऑइल न बघता चालवली होती आणि नंतर दोन पावसाळे झाडाखाली सोडून दिली होती. ओढूनच घरी आणली. गल्लीतली पोरं ढकलायला होती. अम्मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "ये डब्बा कायकू लाए?" या तिच्या प्रश्नावर अब्बांकडे उत्तर तयार होतं. दादीला दर पंधरा दिवसांनी मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. एसटीने जाताना तिच्या कमरेचे हाल व्हायचे. रिकामी सीट मिळाली तरी ती बसायची अंग चोरून, समोरच्या दांड्याला धरून. ही गाडी दादीसाठी. अब्बांचं ते कारण खरं होतं, आणि त्यांचा जीव होता हेही खरं होतं.

जुन्या इंजिनाचा क्रँक लेथवाल्याला दाखवला. तो म्हणाला, याच्यावर पैसे घालू नका. तेव्हा ठरलं की घालायचंच तर इसुझूचं घालायचं. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मेकॅनिकलला. घरात इंजिन उघडणारा बाप आणि पुस्तकात इंजिन वाचणारा मुलगा. मला वाटायचं, आपल्या दोघांत आता फारसा फरक उरलेला नाही.

इंजिनाचा शोध सुरू झाला तसा आमचा पहिला खटका उडाला.

जुन्या बाजारातला एक दलाल घरी आला. इसुझूचं इंजिन गिअरबॉक्ससकट अकरा हजाराला देतो म्हणाला. मी त्याच्याबरोबर जाऊन पाहून आलो. इंजिन उत्तम होतं. अब्बांनी एकच विचारलं, "पावती?"

दलाल हसला. "मिस्त्री, जुन्या मालाला कसली पावती?"

"कुठल्या गाडीतून निघालं ते तरी सांग."

ते त्याला सांगता येईना. अब्बांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी रात्रभर धुमसत होतो. कागद असलेलं इंजिन दुप्पट किमतीच्या खाली मिळणार नव्हतं, आणि तेवढे पैसे घरात नव्हते. सकाळी मी म्हणालो, "अब्बा, चोरीचंच असेल कशावरून?"

"नसेलही," ते म्हणाले. "पण ज्याचा मालक मला माहीत नाही, त्या इंजिनावर मी माझ्या आईला बसवू? ते हलाल आहे का हे मी कुणाला विचारू? बिना कागद का माल घर में नक्को."

मग थोडं थांबून दुसरं वाक्य बोलले, हळू आवाजात. "आणि आपल्याकडे कागद एक जास्तच असावा, बाळ."

त्याचा अर्थ मला कळला होता. आदल्या वर्षीच आमच्या गल्लीतल्या एका मुलाला स्कूटरच्या जुन्या भागावरून दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. भाग त्याने विकतच घेतला होता. पावती मात्र नव्हती. सुटून आला तेव्हा त्याला कुणी काही बोललं नाही, पण त्याच्या गॅरेजला गाड्या देणारी निम्मी माणसं परत फिरकली नाहीत. अब्बा त्याबद्दल कधी तक्रार करताना मी ऐकलं नाही. ते फक्त पावत्या जपायचे. पत्र्याच्या ट्रंकेत, दोरीने बांधून, सालवार.

अखेर इंजिन मिळालं सांगलीच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे. ट्रकने मागून ठोकलेली एक कोंटेसा क्लासिक त्याने इन्शुरन्सच्या लिलावात घेतली होती. मागची डिकी सीटपर्यंत आत आलेली, प्रोपेलर शाफ्ट वाकलेला, पण पुढचा भाग शाबूत. लिलावाचं पत्र होतं, जुन्या आरसी बुकाची प्रत होती. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि फाउंडेशनचे ब्रॅकेट असा सव्वीस हजाराला सौदा झाला. अम्मीची त्या साली उचललेली भिशी त्यात गेली. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "अब इसमें मेरा भी हिस्सा हाय."

मला वाटलं, आता कामाला लागायचं. अब्बा म्हणाले, आधी आरटीओ. त्या वेळच्या कायद्यात गाडीत असा बदल करायचा तर आधी नोंदणी कार्यालयाला कळवून मंजुरी घ्यावी लागायची. बदल झाल्यावर तपासणी आणि मग आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर. अब्बांनी रजा टाकून खेटे घातले. इंजिनाचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतला. मंजुरी येईपर्यंत इंजिन अंगणात गोणपाटाखाली पडून. मी रोज कॉलेजातून येऊन त्याच्याकडे बघायचो आणि मनातल्या मनात सरकारी कारभाराला शिव्या घालायचो.

मंजुरी हातात आली तेव्हा 1998 चा जानेवारी सुरू होता आणि रमजान नुकताच लागला होता. दिवसा अब्बांची ड्युटी आणि सगळ्यांचे रोजे. त्यामुळे काम चालायचं रात्री, तरावीहची नमाज झाल्यावर. अंगणात दोनशेचा बल्ब लावलेला. शेजारचे काका फॅब्रिकेशनचं काम करायचे, त्यांनी तीन पाइपांचं तिकाटणं उभं करून दिलं आणि स्वतःची चेन कुप्पी आणून टांगली. ते रोज रात्री शेंगदाणे खात उभे राहायचे. "लेका, हळू. इंजिन हाय, पाळणा न्हाई," असं मला सांगायचे.

जुनं इंजिन काढायला एक रात्र पुरली. रेडिएटर, होज पाइप, कार्बोरेटरची केबल, सायलेन्सरचा जोड, सेल्फच्या वायरी, गिअरबॉक्सचे बोल्ट. प्रत्येक वायरीला अब्बांनी पांढरी चिंधी बांधून तिच्यावर आकडा टाकला आणि वहीत लिहिला. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. फाउंडेशनचे शेवटचे बोल्ट सुटले, कुप्पीची साखळी ताणली आणि ते जुनं धूड गाडीच्या पोटातून वर आलं तेव्हा गाडीचं नाक इतकं वर उचललं गेलं की अम्मी आतून बिस्मिल्ला म्हणत धावत आली.

इसुझूचं इंजिन बसवायला मात्र आठ रात्री लागल्या. त्या व्हिडिओत जे दिसत नाही ते इथं सांगतो. इंजिन जागेवर ठेवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. क्लासिकचे ब्रॅकेट होते म्हणून फाउंडेशन जुळलं, तेही एका बाजूने रबर घासून. गिअरबॉक्स जुन्याहून लांब, त्यामुळे गिअरचा दांडा भलत्याच ठिकाणी वर आला. तिथला पत्रा कापावा लागला. जुना प्रोपेलर शाफ्ट लांब झाला, नवा तर वाकलेलाच होता. उद्यमनगरात नेऊन जुना कापून, जोडून आणला. सायलेन्सरचा पाइप नव्याने वाकवला. मीटरची केबल बसेना. वायरिंगच्या वेळी अब्बांच्या त्या चिंध्या कामाला आल्या, आणि वहीतले आकडे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

नवव्या रात्री चावी फिरवली. दोनदा नुसता खोकला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मी त्या आधी आणि नंतरही पुष्कळ इंजिनं सुरू होताना ऐकली, पण त्याचा आवाज अजून कानात आहे. जुनं इंजिन खडखडायचं, हे गुणगुणत होतं. शेजारच्या काकांनी शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात कोंबली. अब्बांनी बल्ब जवळ धरून आधी ऑइलची गळती बघितली, मग पाण्याची, आणि सगळं कोरडं दिसल्यावर हसले.

दुसऱ्या दिवशी गल्लीबाहेर नेली तर साठच्या वर गाडी थरथरायची. शाफ्ट जोडताना किंचित तिरपा बसला होता. पुन्हा उद्यमनगर. तिथल्या टर्नर काकांनी तो लेथवर फिरवून, जिथं जड होता तिथं हलका करून दिला. थरथर गेली.

"आता झाली," मी म्हणालो.

"ब्रेक राहिलेत," अब्बा म्हणाले. "लायनिंग झिजलंय, मास्टर सिलेंडर गळतोय. रविवारी सगळं उघडू. तोवर गाडी हलवायची नाही. आणि आरटीओची तपासणी झाल्याशिवाय मोठ्या रस्त्याला तर नाहीच. नवा नंबर बुकात नाही, इन्शुरन्सला माहीत नाही. काही झालं तर आपण कुणालाही तोंड दाखवू शकणार नाही."

तो बुधवार होता. गुरुवारी रात्री अब्बांना पहाटेच्या पाळीला जायचं होतं म्हणून ते लवकर झोपले. चावी खिळ्यावर होती.

मी ती घेतली. मित्राला बोलावलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी ढकलत नेली आणि मग सुरू केली. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. थंडी होती, काचा खाली होत्या आणि दोन्ही बाजूला ऊस. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. वाघबीळपर्यंत गेलो, तिथून वळलो. येताना उतार. काटा नव्वदीवर.

केर्लीच्या अलीकडे वळणातून बाहेर आलो आणि समोर उसाने भरलेली बैलगाडी. कारखान्यांचा हंगाम होता तो. मागे दिवा नाही, कापडाची लाल चिंधी तेवढी. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला. वेग कमी झाला, पण पुरेसा नाही. समोरच्या उसाच्या भाऱ्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि हेडलाइटच्या उजेडात ते उठून बसलं. पाच-सहा वर्षांची मुलगी होती.

मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी साइडपट्टी सोडून चरीतून उसळली आणि उसात घुसून थांबली. बैलगाडीत आणि माझ्यात किती अंतर होतं ते मी मोजलं नाही. नंतर सकाळी अब्बांनी मोजलं. एक हात.

गाडीवान उतरून धावत आला. ऊसतोडीसाठी आलेलं कुटुंब होतं, बीडकडचं. मला वाटलं, आता मार बसणार, आणि तो बरोबरच असेल. त्याने दार उघडलं आणि विचारलं, "लागलं का रं लेकरा?" त्याची बायको मागून पाण्याची कळशी घेऊन आली. मुलगी भाऱ्यावरूनच बघत होती. मला बोलता येईना. त्यांनी दोन बैल सोडून दोर लावला आणि माझी गाडी चरीतून बाहेर काढून दिली. पैसे घेतले नाहीत. मी घरी आलो तो दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून. अंगणात आलो तेव्हा अब्बा दारात उभे होते. सहेरीला अजून वेळ होता.

मी सगळं सांगितलं. मुलगीचंही सांगितलं. त्यांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी पाळी बदलून घेतली, उजाडल्यावर स्कूटरवर मला मागे बसवून त्या जागी नेलं, चाकांचे वण बघितले, अंतर मोजलं. तो शेतकरी शोधून त्याला मोडलेल्या उसाचे पैसे दिले. परत येताना एवढंच म्हणाले, "तू इंजिन बसवलंस. गाडी अजून बसवायची होती."

परीक्षेत मी लिहून आलो होतो की वेग दीडपट झाला तर गाडीतली ऊर्जा सव्वादोन पट होते. साठावर थांबवायला जेवढं लागतं, त्याच्या सव्वादोन पट नव्वदीवर लागतं. मला त्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले होते.

रविवारी ब्रेकचं काम मी एकट्याने केलं. अब्बा खुर्ची टाकून बसले होते. चारही चाकांचं लायनिंग, नवा मास्टर सिलेंडर, नवे होज. शेवटी पाइपांतली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी निपल सोडायचं. तेव्हा ते उठले आणि चाकाशी जाऊन बसले. "दाब... धर... सोड." एकेका चाकाला वीस-वीस वेळा. बुडबुडा संपून नितळ ऑइलची धार येईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

ईदनंतर तपासणी झाली. आरसी बुकात जुन्या इंजिनाच्या नंबरावर लाल शाईची रेघ आणि खाली नवा नंबर, शिक्का, सही. इन्शुरन्सला कळवलं. मगच दादी गाडीत बसली. मिरजेपर्यंत पन्नासेक किलोमीटर अब्बांनी गाडी साठाच्या वर नेली नाही. दवाखान्याच्या दारात दादीने डोळे उघडले. "आ गए? मालूमच नै पड्या." अब्बांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खटाटोपाची पावती त्यांना तिथं मिळाली असावी.

दादी त्यानंतर तीन वर्षं होती. कोंटेसा कंपनीने 2002 साली बंद केली. अब्बाही गेले. त्यांची ट्रंक माझ्याकडे आहे, त्यात सांगलीची पावती आहे, आरटीओची मंजुरी आहे, आणि चिंध्यांच्या आकड्यांची वहीसुद्धा.

मुलाला मी हेही सांगितलं की आज असं करणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम 2000 साली बदललं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितलं. इंधन बदलण्यासाठी, म्हणजे सीएनजी किंवा बॅटरीसाठी वाट आहे, पण तीही मंजुरीनेच. काही जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हे जाचक वाटतं. मलाही एकोणिसाव्या वर्षी वाटलं असतं. आता त्या कलमाकडे बघितलं की मला उसाच्या भाऱ्यावर उठून बसलेली ती मुलगी दिसते. ती आज तिशीत असेल. कदाचित तिलाही मुलं असतील. तिला माझं नाव माहीत नाही आणि मला तिचं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला कोंटेसात काहीच करता येणार नाही?"

"येईल की. ब्रेक ऑइल बदलायचं राहिलंय."

त्या रविवारी आम्ही दोघांनी गाडीवरचं कापड काढलं. तो आत बसला, मी पाना आणि बाटली घेऊन मागच्या चाकाशी. गुडघे आता कुरकुरतात. निपलला पाना लावला आणि आपोआप तोंडातून गेलं, "दाब."

"दाबलं."

"धर."

बुडबुडे आले. मी निपल बंद केलं.

"सोड," म्हणालो. "अजून एकोणीस वेळा."